पान दोनशे चौदावरची आकृती

एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती लोकांचं रक्त काढत होती. हात इतका हलका की पोरंसोरंसुद्धा भोकाड पसरायचं विसरून विचारत, "झालं?" नमुन्याच्या नळीवर चिठ्ठी डकवायची, नळी आतल्या खोलीत द्यायची आणि पुढच्याला हाक मारायची. आतल्या खोलीत त्या नळीचं पुढे काय होतं, हे तिला बऱ्यापैकी ठाऊक होतं. एके काळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षापर्यंत ती शिकली होती. मग लग्न झालं, लगोलग मुलगी झाली आणि तीन पेपर राहिले ते राहिलेच. त्याला आता एकोणीस वर्षं होऊन गेली होती.

विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले पेपर द्यायची मुभा दिली, तेव्हा तिने घरी न विचारताच अर्ज भरला. मग संध्याकाळी चहाच्या वेळी भीतभीत सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं केलंस." सासूबाई म्हणाल्या, "आता गं या वयात?" सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मात्र हात पुढे केला. "अर्जाची प्रत दाखव." ती वाचून ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत वेलांटी चुकली आहे. बाकी उत्तम."

बाबांनी उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलं होतं. तिथे सगळे त्यांना 'काना-मात्रा' म्हणत, कारण त्यांच्या हातून काना-मात्रेचाही फरक सुटत नसे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ते अजूनही पेन्सिल घेऊनच वाचत.

रविवारच्या वर्गात पहिल्या तासाला ती कपाटावरचं जुनं जाडजूड पुस्तक झटकून घेऊन गेली. शिकवणाऱ्या मॅडम तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी पुस्तक उघडून पहिलं पान पाहिलं.

"जिवाणूंचा भाग चालेल एक वेळ," त्या म्हणाल्या. "पण रोगप्रतिकारशास्त्र यातून वाचू नका. एवढ्या वर्षांत त्यातलं कितीतरी बदललंय. नवी आवृत्ती घ्या."

नवी आवृत्ती बाजारात संपली होती. पुन्हा छापून यायची ती परीक्षा उरकल्यावर. ग्रंथालयात दोन प्रती होत्या, त्या सात दिवसांसाठी मिळत आणि त्यांच्यासाठी मोठी यादी लागलेली. महिनाभराने तिचा नंबर लागला. तिने पुस्तक घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि डोक्याला हात लावून बसली.

"दिवसभर नोकरी," ती म्हणाली, "आणि सात दिवसांत रोगप्रतिकाराचा हा अडीचशे पानांचा भाग. जुन्यातलं काय खरं नि काय खोटं, हे कळायलाच महिना जाईल."

बाबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली, ती घरच्यांनी सात वर्षांत पाहिली नव्हती.

"म्हणजे जुन्या नि नव्या मजकुरातला फरक काढायचा. एवढंच ना? मग तुझं काय काम त्यात? तू नोकरीवर जा."

"बाबा, तुम्हाला विषय कळणार नाही."

"कळायला नकोच आहे. ज्याला कळतं त्याचा डोळा वाक्याच्या पुढे पळतो आणि चूक मागे राहते. मी कायद्याची पुस्तकं तपासली, शेतीची तपासली, पुलाच्या बांधकामाचीही तपासली. मला उद्या कुणी पूल बांधायला सांगितला तर माणसं बुडतील. पण पुस्तकात चूक नाही!"

या कामाला एक वाचणारा लागतो. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी ताडून पाहायचं. ते काम सासूबाईंच्या गळ्यात पडलं. सकाळची कामं आटोपली की त्या चष्मा लावून जुनं पुस्तक वाचत आणि बाबा नव्या पुस्तकात ओळीखाली पट्टी सरकवत जात.

"स्टॅफिलोकॉकस ऑरियस," सासूबाई अडखळत वाचत. "हे काय, नवरा-बायको आहेत?"

"पुढे वाच."

"पुढे आणखी एक जोडपं आहे."

फरक सापडला की बाबा चिठ्ठीवर नवा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहीत आणि जुन्या पुस्तकात त्या जागी चिकटवत. ग्रंथालयाच्या प्रतीवर त्यांनी पेन्सिलचा ठिपकाही पडू दिला नाही. ती कामावरून आली की त्या दिवसाच्या चिठ्ठ्या वाचायची, आणि मग सासूबाई तिला सोडत नसत.

"अगं, हे आयजीएम आणि आयजीजी दोघं दिवसभर भांडल्यासारखे येताहेत. आहेत तरी कोण?"

"दोन्ही अंगातली प्रतिपिंडं, आई. रोगाशी लढणारी. नवा रोग आला की आयजीएम आधी धावून येतं. शेजारी कसा हाक मारताच येतो, तसं. आयजीजी मागून येतं, पण आलं की मुक्काम ठोकतं. तोच रोग पुन्हा आला, तर पहिल्याच दिवशी दार अडवायला तेच पुढे."

"म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीसारखं. उशिरा येते आणि मग महिनाभर हलत नाही."

बाबा हसले नाहीत. पाचव्या दिवशी ते दोनशे चौदाव्या पानावर थबकले होते, आणि ती घरी येईपर्यंत पुढे गेलेच नव्हते.

"सूनबाई, इकडे ये. जुन्या आकृतीत रेषेची पहिली टेकडी आयजीएमची, दुसरी आयजीजीची. नव्या आकृतीत उलट आहे. चित्र तेच, नावांची अदलाबदल. चिठ्ठी काय लिहू? शास्त्र बदललं, की छापखाना चुकला?"

ती पाहत राहिली. नवं पुस्तक गुळगुळीत पानांचं, पाठीवर मोठमोठ्या लोकांची शिफारस. आपलं पुस्तक पिवळं पडलेलं. मॅडमनी बजावून सांगितलेलं की जुन्यावर विसंबू नका.

"नव्याप्रमाणे लिहा," ती म्हणाली. मग लगेच, "थांबा, बाबा."

तिने आकृतीखालचा मजकूर वाचला. त्यात आयजीएमच आधी होतं. तिला प्रयोगशाळेतले तापाचे रुग्ण आठवले. ताप नुकताच आलेल्या माणसाच्या अहवालात डॉक्टर आधी आयजीएम शोधत. नुसतं आयजीजी सापडलं तर म्हणत, हा रोग बहुतेक जुना दिसतो. असे शेकडो अहवाल तिने स्वतःच्या हाताने पाकिटात घातले होते.

"छापखाना चुकलाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. आपली आकृती बरोबर आहे. चिठ्ठी लावू नका."

बाबांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि पट्टी पुढच्या ओळीखाली नेली. सातव्या दिवशी संध्याकाळी पुस्तक वेळेत परत गेलं.

दोन आठवड्यांनी वर्गात तोच भाग आला. मॅडमनी पुस्तक एका हातात धरून फळ्यावर आकृती काढली. मुलं माना खाली घालून उतरवून घेऊ लागली. पहिल्या टेकडीला नाव दिलं गेलं आयजीजी. तिचा हात वर जाईना. एवढ्या पोरांत आपण एकट्या बाई, त्यात पुस्तक जुनं. पण हातातलं पेन काही केल्या ती आकृती उतरवून घेईना. शेवटी ती उभीच राहिली.

"मॅडम, नावं उलटी झालीत."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम वळल्या. "बाई, ही नवी आवृत्ती आहे."

"आकृती नवीन आहे, मॅडम, पण तिच्या खालचा परिच्छेद वाचा. तो आकृतीशी भांडतोय."

मॅडमनी वाचलं. फळ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी डस्टर उचलून दोन्ही नावं पुसली आणि स्वतःशीच मान हलवली.

"मला हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं," त्या म्हणाल्या. "तोंडपाठ आहे म्हणून मी पाहिलंच नाही. नुसतं उतरवलं." त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. "या. तुम्हीच सांगा यांना, कुणी आधी यायचं आणि का."

तिने सांगितलं. रक्त काढताना लोकांना समजावते तशी बोलू लागली, तापाचे रुग्ण आले, अहवाल आले, शेजारीही आला. हसणाऱ्यानेच शेवटी शंका विचारली, आणि तिला उत्तर येत होतं.

बाबांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं: पान, ओळ, चूक, दुरुस्ती. शेवटी एक वाक्य जोडलं, 'चूक मी पाहिली, पण ती चूकच आहे हे माझ्या सुनेने ठरवलं.' महिनाभर काही आलं नाही. मग एका दुपारी पुस्तकाच्या लेखकाचाच फोन आला. माणूस वयस्कर असावा. चार वर्षांत एवढ्या मुलांनी पुस्तक वाचलं, पण कुणी एक ओळ कळवली नाही, असं तो म्हणाला. पुढची आवृत्ती तयार होतेय, तिची प्रुफं पाहाल का, असंही त्याने विचारलं.

"आम्ही तिघं आहोत," बाबा म्हणाले. "एक वाचणारी, एक पाहणारा आणि एक जाणणारी. तिघांची नावं एकत्र घेणार असाल तर पाहू."

सासूबाई पलीकडून मोठ्याने म्हणाल्या, "आणि त्यांना म्हणावं, नावं जरा सुटसुटीत ठेवा!"

निकाल लागला. तीनपैकी दोन पेपर सुटले आणि सूक्ष्मजीवशास्त्रात ती वर्गात दुसरी आली. जीवरसायनशास्त्रात मात्र चार गुणांनी गाडी अडली. ती अर्धा दिवस हिरमुसून बसली. मग तिने तो पेपर पुन्हा द्यायचा अर्ज भरला, आणि बाबांनी त्यातल्या वेलांट्या तपासल्या.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मग बाहेर काय करताय? सकाळी नमुने घ्या, दुपारी आत या." पहिल्या आठवड्यात तिने जिवाणू वाढवायची पोषकाची बशी स्वतः आखली. तारेच्या कडीने, हलक्या हाताने, एकीतून दुसरीत शिरणाऱ्या रेघा. दुसऱ्या दिवशी बशीवर टोकाला जिवाणूंच्या वसाहती एकेक सुट्या वाढल्या होत्या, सोनेरी, टाचणीच्या डोक्याएवढ्या. डॉक्टरांनी नुसतं "हं" म्हटलं. त्यांच्याकडून एवढंही कुणाला सहसा मिळत नसे.

शनिवारी काम कमी होतं. डॉक्टरांची परवानगी घेऊन तिने बाबांना आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. जिवाणूंची रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली, स्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवलं आणि बाजूला झाली. बाबांनी चष्मा काढला आणि डोळा टेकवला.

"काय दिसतं?"

"जांभळी टिंबं. घोसाघोसाने."

"हेच ते स्टॅफिलोकॉकस."

"एवढ्याशा टिंबांवर अकराशे पानं," बाबा पुटपुटले. "आणि आम्हाला वाटायचं, छापलेलं टिंब सगळ्यात लहान."

"सरका आता," सासूबाई म्हणाल्या. "मला बघू दे त्या जोडप्याला."

पण बाबा डोळा उचलायला तयार नव्हते. एका हाताने त्यांनी खिशातली पेन्सिल चाचपली आणि काचेकडे पाहतच विचारलं, "सूनबाई, ही टिंबं अशी घोसानेच का राहतात गं? एकटी का नाही राहत?"

तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि सांगायला बसली.