करड्या शर्टातला माणूस

"आत्याआजी, पडू दे त्याला! पडू दे!" मी एवढ्या जोरात ओरडले की फिजिओथेरपी केंद्राच्या शेजारच्या खोलीतल्या एका आजोबांचा व्यायामच थांबला.

पण उशीर झाला होता. आत्याआजीने चालायच्या यंत्राची दांडी सोडली, दोन्ही हात पुढे करून वाकली आणि हवेलाच मिठी मारली. छताला बांधलेल्या पट्ट्याने तिला कमरेत हिसका देऊन सावरलं. लाल दिवा लागला. म्हणजे यंत्राच्या मते ती पडली. नापास, दुसऱ्यांदा.

डोळ्यांवरच्या त्या जाडजूड चष्म्यात तिला रस्ता दिसतो आणि पायाखाली पट्टा सरकतो. समोरच्या टीव्हीवर आम्हालाही तेच दिसतं. डबकं ओलांडायचं, चेंडू चुकवायचा, कुत्र्याला बगल द्यायची. शेवटी करड्या शर्टातला एक माणूस ऐन पायांपुढे ठेचकाळतो, तेव्हा दांडी न सोडता बाजूने निघून जायचं. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

"सिस्टर, तो खरा नाही हो," फिजिओताई म्हणाल्या.

"मला कळत नाही होय? पाय गेलेत, अक्कल नाही गेली. पण तो कोसळला की हात मला विचारायला थांबत नाहीत, त्याला मी काय करू?"

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. लग्न केलं नाही. अडतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसापुढे ती हात पसरून उलटी चालायची. आणि या वर्षी तीच दोनदा पडली, एकदा न्हाणीघरात आणि एकदा जिन्यात. आता तिसऱ्या चाचणीत पास झाली तरच ती तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहणार. नाहीतर खोली बंद आणि मुक्काम आमच्या हॉलमध्ये.

"आत्या, आमचं घर तुझंच आहे," बाबा म्हणायचे.

"हो ना रे. फक्त टीव्ही कधी बंद करायचा ते तुम्ही ठरवणार."

मग मीच कंबर कसली. आमच्या घरातल्या बोळात मी करड्या शर्टातला माणूस झाले. बाबांचा शर्ट घालून मी तिच्यापुढे धाडधाड पडायचे आणि ती दर वेळी मला झेलायची.

"अगं, झेलायचं नाही! दारावरच्या घड्याळाकडे बघ आणि चालत राहा. मी मेले असं समज."

"तोंड आवर, कार्टे!"

चौथ्या दिवशी ती माझ्या बाजूने निघून गेली. मी जमिनीवरूनच टाळ्या वाजवल्या. ती मात्र वळून म्हणाली, "लागलं का गं?"

"वळायचंही नाही!" मी दटावलं. मला वाटत होतं, मी काय भारी शिकवते!

चाचणीच्या दिवशी तिने डबकं ओलांडलं, चेंडू चुकवला आणि कुत्र्याला बगल दिली. मी नखं खात टीव्हीकडे बघत होते. तो माणूस आला, अडखळला, झुकला. आत्याआजीची बोटं दांडीवरून उचलली गेली. मग ती बोटं पुन्हा घट्ट मिटली, एकेक करून. तिने मान सरळ ठेवली आणि बाजूने निघून गेली. माणूस पडद्याच्या कडेला तोंडावर आपटला आणि दिसेनासा झाला. हिरवा दिवा लागला.

"शंभरात एक्याण्णव!" फिजिओताई म्हणाल्या. मी नाचले, बाबांना फोन लावला, त्या शेजारच्या आजोबांनाही सांगून आले.

परत आले तेव्हा आत्याआजीचा चष्मा काढलेला होता. ती बंद पडलेल्या टीव्हीकडे बघत होती.

"तो उठतो का नंतर?" तिने विचारलं.

"कोण?" फिजिओताईंना आधी कळेचना. मग त्या हसल्या. "अहो सिस्टर, तिथे प्रोग्रॅमच संपतो."

"बरं," ती म्हणाली.

मी तिला आधार देऊन पट्ट्यावरून उतरवलं. दार समोरच होतं आणि मधे नुसती स्वच्छ, कोरडी फरशी. मी सरळ निघाले, पण ती निघाली नाही. यंत्राच्या मागे, तो अजून तिथे पडलेला असावा तशी माणसाच्या उंचीएवढी जागा सोडून, भिंतीला हात लावत ती लांबून वळून गेली.

मी मागे फिरले आणि तिच्या मागोमाग तशीच लांबून गेले.