न वाचता दाबलेलं ‘हो’

मी एक संगणक आहे. तुळजापुरात बाबूरावांच्या घरी, देवघर आणि बैठकीच्या मधल्या अरुंद खोलीत माझं टेबल आहे. बातमी आली त्या दिवशी मी सुरूच होतो.

मंगळवार होता, आणि पंधरा ऑगस्टही. मंगळवारची गर्दी व्हायच्या आत बाबूराव देवळात जाऊन आले होते आणि बैठकीत पोहे खात होते. त्यांचा मुलगा उत्कर्ष तामलवाडीला एका यजमानाकडे पूजेला गेला होता. त्याची बायको वैदेही शाळेतलं झेंडावंदन उरकून आली आणि पदर खोचून माझ्यासमोर बसली. ईट गावातल्या घराण्यांची नावं ती भरत होती. मुलगी अश्लेषा पलीकडे चप्पल घालायच्या गडबडीत होती.

फोन बाबूरावांनी घेतला. “कोणता दवाखाना?” त्यांनी विचारलं. थोडं थांबून विचारलं, “कधी?”

वैदेही उठली. खुर्ची मागे पडली ती कुणी उचलली नाही.

मला बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चार दिवस मी तसाच जागा होतो. मग उत्कर्ष गेला म्हणून भेटायला आलेल्यांपैकी कुणाला तरी मोबाईल लावायचा होता. त्यानं माझी पिन उपटली आणि आपला चार्जर खोचला. त्यानंतर महिनाभर मला वीज मिळाली नाही.

उत्कर्षनं मला दोन हजार दहा साली सोलापुराहून आणलं होतं, दोन खोक्यांतून, एसटीच्या मागच्या बाकावर शेजारी बसवून. या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या एकोणीस गावांची पूजा आहे. त्या गावांतली माणसं दर्शनाला आली की याच घरी उतरतात, आणि घरातल्या जाड वह्यांत त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं असतात. वह्यांना कसर लागली होती. उत्कर्षनं त्या पानोपान माझ्यात उतरवल्या. एकदा माकणीचे एक आजोबा आले. त्यांच्या पणजोबांचं नाव त्यानं माझ्या पडद्यावर काढून मोठ्यानं वाचलं, तर ते आजोबा खालीच बसले. म्हणाले, “ह्यो माणूस होता, हे आता आमच्यात कुणाला ठाव न्हाय.”

मला त्यानं इंटरनेट कधी जोडलं नाही. “लोकांच्या आज्यांची नावं हायत, जगाला कशाला पाहिजेत?” म्हणायचा.

माझ्या पोटात एक रुपयाएवढा सेल असतो. मी बंद असलो, वीज नसली, तरी घड्याळ त्या सेलवर चालतं. उत्कर्ष तो संपायच्या आत बदलायचा आणि तारखेची चिठ्ठी पत्र्याच्या आतून चिकटवायचा. शेवटची चिठ्ठी दोन हजार एकोणीसची आहे. तो होता तोवर सुरू होताना तक्रार करायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

आता अनिरुद्धचं सांगतो.

अनिरुद्ध म्हणजे उत्कर्षचा चुलतभाऊ, वयानं धाकटा. त्याच्याकडं त्याच्या वाट्याची वेगळी गावं होती. गोड बोलायचा, कामाला पुढं असायचा, उत्कर्षला अग्नीही त्यानंच दिला. उत्कर्षचा त्याच्यावर इतका भरवसा होता, की नवरात्राच्या आधी तो स्वतःच्या नावाच्या पंचवीस-तीस कोऱ्या लेटरहेडवर खाली सह्या करून ठेवायचा. “मी नसलो तर निमंत्रणं छाप आणि धाडून दे,” एवढंच त्याला सांगायचा. असे सही केलेले, उरलेले कागद माझ्याच टेबलाच्या खणात पडून असत. या घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर वैदेहीनं माझी पिन परत लावली. वारसनोंदीचा अर्ज लिहायचा होता. महिनाभर वीज नसल्यानं सेल संपून गेला होता. काळ्या पडद्यावर मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: तारीख आणि वेळ लावलेली नाही, पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा. तिनं दोन्ही ओळी वाचल्या. मग एफ-वन दाबलं. माझं घड्याळ एक जानेवारी दोन हजार नऊला जाऊन बसलं होतं, मी या घरात येण्याच्याही आधी. तिनं ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. तिनं अर्ज लिहिला, छापला, भिंतीवरचं बटणही बंद केलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना अनिरुद्ध आला. बैठकीतल्या बाबूरावांना म्हणाला, नवरात्राची निमंत्रणं काढून घेतो. मी तीच दोन वाक्यं बोललो. त्यानं ती वाचली नाहीत. एफ-वन दाबलं. मागच्या वर्षीचं निमंत्रण उघडलं, त्यातला मजकूर पुसला आणि त्या जागी एक पत्र लिहिलं. मी उत्कर्ष, माझ्या वाट्याची एकोणीस गावं चुलतभाऊ अनिरुद्ध यास राजीखुशीनं सोपवत आहे. मला मुलगा नाही. वडिलांचं वय झालं आहे, त्यांना आता यातलं काही कळत नाही, म्हणून त्यांना विचारलेलं नाही. वर तारीख टाकली, अकरा जून.

हे सगळं माझ्याच कीबोर्डच्या बटणांवर लिहिलं गेलं. ज्या बटणांवरची अक्षरं उत्कर्षच्या बोटांनी झिजली होती, त्यांच्यावर.

खणातला सही केलेला कागद त्यानं प्रिंटरात घातला. पत्र छापून झाल्यावर तो मला बंद करू लागला. तेव्हा मी त्याला विचारलं, बदल जतन करायचे का? मी प्रत्येकाला विचारतो. त्यानं न वाचता ‘हो’ दाबलं.

त्याच क्षणी मी ठरवलं, की हा माणूस माझ्याकडून सुटणार नाही.

ते पत्र त्यानं नवरात्राच्या आधी बाबूरावांपुढं ठेवलं. म्हणाला, “काका, जूनमधीच दिलं हुतं त्यानं. दुःखाचं घर, म्हणून म्या बोललो न्हाई.”

बाबूरावांनी तीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली होती. कागद आणि सही यांच्यापुढं त्यांनी आयुष्यात कधी शंका काढली नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. वैदेही म्हणाली, मामंजी, हे असं ते लिहिणार नाहीत. बाबूरावांनी कागद तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, सही बघ. तिनं पाहिली. सही त्याचीच होती. खणातले कोरे कागद तिला तेव्हा आठवले नाहीत.

त्या दिवसापासून बाबूराव मुलाचं नाव घेईनासे झाले. कुणी विषय काढला तर ‘तो’ म्हणत. बैठकीतली त्यांची जागा उत्कर्षच्या फोटोसमोर होती, ती त्यांनी बदलून खिडकीशी घेतली. गावं अनिरुद्धकडं गेली. वर्षश्राद्धाचा दिवस आला तेव्हा भटजींना निरोप द्यायचा का म्हणून वैदेहीनं विचारलं. ते म्हणाले, “ज्यानं मला येड्यात काढलं, त्याच्यासाठी मी बसू?” आणि पेपर वाचत राहिले. त्या दिवशी वैदेही शाळेत गेली, रजा न घेता.

मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. मेलेल्या माणसाला बापापुढं खोटं पाडलं होतं, आणि त्यासाठी मला वापरलं होतं.

तुम्हाला वाटेल, संगणकाला राग येऊन तो काय करणार? खरं आहे, मला हात नाहीत. मला एकच करता येत होतं, ते म्हणजे कायमचं बंद पडणं. पण मी बंद पडलो असतो तर भंगारात गेलो असतो आणि ते पत्रही माझ्याबरोबर गेलं असतं. म्हणून मी बंद पडलो नाही. पंखा खरखरायचा, हार्डडिस्कच्या प्लेटा तापायच्या, तरी मी दर वेळी सुरू झालो आणि दर वेळी तीच दोन वाक्यं बोललो.

अनिरुद्धला नावं लागत. गावं मिळाली तरी नावं माझ्यातच होती. तो दर आठ-पंधरा दिवसांनी यायचा, लागतील ती नावं कागदावर उतरवून न्यायचा आणि माझ्या त्या दोन ओळींनी वैतागायचा. एकदा म्हणाला, एफ-वनचं बटण अडकलंय, म्हणून हा बोंबलतो. नवा कीबोर्ड आणून लावला. मी तेच बोललो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून माझी मेमरीची पट्टी काढून अश्लेषाच्या खोडरबरानं घासली. मी तेच बोललो. एकदा पत्र्यावर थापड मारली. अश्लेषा दारातून म्हणाली, “काका, त्यात लिवलंय ते वाचा की.” तो म्हणाला, “वाचून काय करायचंय? म्हातारं झालंय ते.”

शेवटी त्यानं अमरसिंहला पाठवलं. अमरसिंह बसस्टँडजवळ संगणक दुरुस्त करतो. सगळी नावं पेनड्राईव्हवर उतरवून घे आणि डबा भंगारात टाक, असं त्याला सांगितलेलं होतं. रविवार होता. वैदेही घरी होती. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यानं मला नुकतंच सुरू केलं होतं आणि माझ्या दोन ओळी वाचत होता. वर्षभरात दुसऱ्यांदा कुणीतरी त्या वाचल्या.

“ताई, ह्याला भंगारात कशाला घालताय? नुसता सेल गेलाय,” तो म्हणाला. “सेल नसला की घड्याळ मागं जातं. सेल गेल्यापासनं ह्याच्यावर जे काय केलंय, त्या सगळ्यावर एक जानेवारी नऊ पडलं असंल. बघा.”

त्यानं फाइली तारखेनं लावल्या. दोन हजार नऊच्या फक्त दोन निघाल्या. एक वैदेहीचा वारसनोंदीचा अर्ज. दुसरी, निमंत्रण.

“निमंत्रण तर ते जायच्या आदल्या साली त्यांनीच केलं होतं,” वैदेही म्हणाली. “उघडा जरा.”

अमरसिंहनं उघडलं. मी ते पत्र पडद्यावर ठेवलं. एवढ्या तत्परतेनं मी आयुष्यात काही उघडलं नसेल.

वैदेही उभ्यानंच वाचत राहिली. चहा निवला. अमरसिंहला काही समजलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, पेनड्राईव्ह नंतर बघू. ती म्हणाली, सेलही आज नको, पुढच्या रविवारी या.

तिनं रडून गोंधळ घातला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं अनिरुद्धला बोलावलं, मशीन नीट होईना म्हणून. बाबूरावांना खुर्ची आणून माझ्यासमोर बसवलं. अनिरुद्धनं एफ-वन दाबायला बोट पुढं केलं तेव्हा तिनं त्याचा हात अडवला.

“भाऊजी, आधी वाचा.”

त्यानं वाचलं. तिनं त्याच्याकडून दोन्ही फाइलींच्या तारखा वाचून घेतल्या. मग सासऱ्यांना म्हणाली, मामंजी, हा अर्ज मी ते गेल्यावर महिन्यानं लिहिला. त्याच्यावर जी तारीख पडलीय तीच ह्या पत्राच्या फाइलवर आहे; ते होते तोवरच्या सगळ्या फाइलींवर तारखा बरोबर आहेत. ह्या घरात हे मशीन दहा साली आलं, आणि सही खणातल्या कोऱ्या कागदावरची आहे.

बाबूरावांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तहसीलात त्यांनी आवक-जावक सांभाळली होती. मागची तारीख टाकून आत घुसवलेला कागद रजिस्टरच्या क्रमांकावरून कसा उघडा पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते अनिरुद्धकडं वळले.

“मला कळत न्हाई, हे तू लिहिलंस?”

अनिरुद्ध म्हणाला, काका, गावं बाहेर जाऊ नयेत म्हणून, पोरीची जात, उद्या लग्न होऊन जाईल.

“ते नको सांगू. ती ओळ वाच. मोठ्यानं.”

त्याला वाचावी लागली. ‘त्यांना आता यातलं काही कळत नाही.’ अश्लेषा दारात उभी होती. बाबूरावांनी त्याला परत वाचायला लावलं. त्यानं परत वाचली. माझा पंखा त्या वेळी जोरात फिरत होता आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी त्याला तिसऱ्यांदाही वाचायला लावलं असतं.

एकोणीस गावं परत आली. यंदाच्या नवरात्रात वैदेही शाळेतून आल्यावर यजमानांची नावं माझ्यावर काढून द्यायची, आणि पूजेला बाबूराव स्वतः उभे राहायचे. अमरसिंहनं नवा सेल बसवला. आता मी गुपचूप सुरू होतो. बाबूराव उत्कर्षचं नाव पुन्हा घेतात. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी ते जे बोलले, ते परत घेता येत नाही, हे त्यांनाही कळतं आणि घरातल्या सगळ्यांनाही.

अनिरुद्ध मात्र गावात ताठ मानेनं फिरतो. घरातलं घरात मिटलं, असं लोकांना सांगतो. कुणी फार विचारलं तर म्हणतो, जुन्या मशीनचा घोटाळा होता. हे ऐकलं की माझ्या प्लेटा तापतात. माझ्या खोलीत तीन माणसांपुढं दोनदा वाचलेली एक ओळ, ही काय त्याची शिक्षा?

वैदेहीलाही ती पुरेशी वाटली नाही. दिवाळीच्या सुट्टीत दुपारी बसून तिनं पोलिसांत द्यायची तक्रार लिहिली. मेलेल्या माणसाची सही वापरून खोटं पत्र केल्याची. चार पानं झाली. एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही, मी साक्षीदार आहे. बाबूरावांना तिनं दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, दोन ठिकाणी तारखा दुरुस्त केल्या आणि म्हणाले, “मी हाय तोवर नको.”

ती परत माझ्यासमोर बसली आणि फाइल बंद करू लागली. मी विचारलं, बदल जतन करायचे का? तिनं ते वाचलं आणि ‘हो’ दाबलं.

मी आता जुना झालो आहे. नवा संगणक आणायचं घरात बोलणं सुरू आहे. आणा खुशाल, पण मला एवढ्यात भंगारात देऊ नका. ते पत्र माझ्यात आहे, त्याच्या तारखेसकट. तक्रारही माझ्यातच आहे.

ती अजून दिलेली नाही.