कुर्रर्र केलं तरी न उठलेली

“वर्षे, लेकरू रडलं पायजे वं. हे तं भूक लागली तरी रडत नाई,” आई जयवंतानं बजावलं, तेव्हा वर्षालीनं हसण्यावारी नेलं होतं. “माय, तुले रडकी नात पायजे काय? गुणाची हाये माही पोर.”

बाळंतपणाला समुद्रपूरला माहेरी आलेली वर्षाली तशी धास्तावलेलीच. बाळाला शिंक आली तरी बी.एस्सी.च्या पुस्तकांतले आजार आठवायचे. पण लेकीच्या दिवसभराच्या झोपेचं तिला कौतुकच वाटे.

बारशाला नणंद काजलनं पाळण्यात वाकून ‘गार्गी’ नाव सांगितलं, “कुर्रर्र” केलं आणि बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

“अवं, नाव ठेवून राह्यल्या का जीव घेऊन राह्यल्या!” काजल ओरडली. हशा उसळला. शेजारचं तान्हं दचकून रडलं. गार्गी मात्र हललीही नाही.

वर्षालीच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट तसंच राहिलं. तिनं पोरीचे पाय चाचपले. भर वैशाखात गार!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सावंगीचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. गार्गीच्या पापण्या जराशा थरथरल्या. “ऐकू येतंय. उठायचं त्राण नाही.” त्यांनी रुंद टाळू, जाडसर जीभ, फुगलेली बेंबी पाहिली, कावीळही पुरती उतरली नव्हती. मग रक्त तपासायला पाठवलं.

टीएसएच भलतंच वाढलेलं, टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक अगदी कमी.

“टीएसएच म्हणजे मेंदूनं थायरॉइडला मारलेली हाक,” बाई म्हणाल्या. “गळ्यातली ही ग्रंथी ओ देत नाही, म्हणून हाक वाढत गेली.”

“पोरीची बुद्धी...?” वर्षालीनं लेकीला छातीशी धरलं.

“उशीर झाला असता, तर बुद्धीची वाढ खुंटायची भीती होती. तुम्ही वेळेत आणलंत. गोळी आजच सुरू करू.”

रोज सकाळी गोळी कुस्करून, अंगावरच्या दुधात कालवून चमच्यानं पाजायची. काही दिवसांनी एका दुपारी गार्गीनं असा टाहो फोडला, की जयवंता पिठाच्या हातांनी धावत आली.

“काऊन रडून राह्यली वं?”

“भूक लागली, माय! मागून राह्यली!” वर्षाली हसत होती, डोळे वाहत होते.

आजोबा बबनरावांनी गल्लीभर पेढे वाटले. “कायचे जी?” कोणी विचारलं, तर म्हणाले, “नात रडली त्याचे!”

तुमच्या शेजारीही एखादं तान्हं फारच शहाणं, फारच झोपाळू असेल. आज जाऊन या. पाय गार लागतात का बघा, भुकेला रडतं का विचारा. थायरॉइडसाठी रक्त तपासलं का, तेही विचारा.