कॉटवरून पडला म्हणे

श्रीविद्याच्या कामाबद्दल घरात कोणी बोलत नसे. ती पशुवैद्य होती आणि तंजावूरबाहेरच्या एका प्रयोगशाळेत डुकराच्या पिल्लांवर काम करी. पिल्लाला भूल द्यायची, डोकं यंत्रात बसवून झटक्यानं फिरवायचं आणि नंतर त्याला मारून मेंदू नि डोळे तपासायचे. तान्ह्या मुलाला कोणी गदागदा हलवलं तर आत काय तुटतं, ते मुलांवर थोडंच बघता येतं? तिची आई, मंगलाबाई, एवढंच म्हणायची, "आधी न्हाऊन ये, मग स्वयंपाकघरात."

पोंगलनंतर तिच्या धाकट्या भावाचा, कार्तिकेयचा, पाच महिन्यांचा मुलगा शिवराज झटके येऊन इस्पितळात दाखल झाला. कार्तिकेय म्हणाला, कॉटवरून पडला. त्याची बायको कीर्तना तेव्हा कॉलेजात शिकवायला गेली होती.

तिथल्या डॉक्टर नंदितांनी श्रीविद्याला आपल्या खोलीत बाजूला घेतलं.

"डोक्यात रक्त साचलंय. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्तस्राव आहे, पार कडेपर्यंत. बाहेर मात्र साधं टेंगूळ नाही. याचा अर्थ तुम्हाला मी काय सांगायचा?"

बाहेर येताच, दाराशी ऐकत उभ्या असलेल्या मंगलाबाईंनी तिचा दंड धरला. "तू सांग डॉक्टरांना. पडल्यानंही असं होतं म्हण. तुझं ऐकतील."

"आई, असं नाही होत. पिल्लांमध्ये मी बघितलंय."

"डुक्कर आणि माझा नातू एकच काय गं?"

हाच प्रश्न श्रीविद्याला प्रत्येक परिषदेत कोणीतरी विचारायचं, आणि ती प्रामाणिकपणे सांगायची की एकच नव्हेत, पिल्लांवरून मुलाबद्दल खात्रीनं बोलता येत नाही. आत्ता तेवढं एक वाक्य बोललं असतं तरी भाऊ सुटला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

कार्तिकेय आवारातल्या वेप्पमराखाली, म्हणजे कडुलिंबाच्या पारावर बसला होता.

"कसा पडला?"

"सांगितलं ना, कॉटवरून."

"कुठल्या अंगावर?"

तो पारावरची वाळकी पानं झाडू लागला.

"कार्तिक, खरं काय झालं ते डॉक्टरांना कळायला हवं. तू काय केलंस?"

"रडायचं थांबेना, अक्का. दूध दिलं, पंख्याखाली नेलं, थांबेचना. मग मी त्याला..." त्यानं दोन्ही हात समोर धरले. मुठी आवळलेल्या. हात पुढेमागे झाले आणि त्यानं ते मांड्यांखाली दाबून टाकले. "मग तो गप्प झाला. मला वाटलं, झोपला."

पिल्लांना निदान भूल दिलेली असते, असं श्रीविद्याच्या मनात आलं, आणि आपल्याला हे सुचावं याचीच तिला शिसारी आली.

"चल. डॉक्टरांना सांगू."

"आईला कळेल, अक्का."

"येतोस, की मी एकटी जाऊ?"

तो उठला नाही. ती एकटी गेली.

संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. मंगलाबाई तिला म्हणाल्या, "पाठच्या भावाला धरून दिलंस," आणि त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं.

शिवराज वाचला. पण उन्हाळ्यापर्यंत स्पष्ट झालं की त्याची नजर कशावरच ठरत नाही. डावा हात तो उचलत नसे. कीर्तना त्याला घेऊन ओरत्तनाडूला माहेरी राहिली. श्रीविद्या रविवारी बसनं तिथं जाई, ओसरीवर बसे, फारसं बोलत नसे.

एकदा कीर्तनानंच विचारलं, "अक्का, तुमची ती पिल्लं पुढं कशी होतात? चालतात? त्यांना दिसतं?"

"आम्ही त्यांना पुढं जगूच देत नाही, कीर्तना. म्हणून मला माहीत नाही."

श्रीविद्याला वाटलं, आता कीर्तना उठून जायला सांगेल. पण तिनं शिवराजला उचललं आणि श्रीविद्याच्या मांडीवर ठेवलं.

"धरा याला. मी भात लावून येते," ती म्हणाली. "मान सांभाळा."