हलका कॅमेरा

नात गार्गी पीएसएलईला, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसली त्या वर्षी, २०११ साली, दिवाळीच्या आदल्या शनिवारी सरोजिनीबाईंनी श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून साफ केली आणि सुनेपुढे सरकवली.

“आणखी वाढ.”

सवितानं वाढलं. एरवी ती साखरेची आठवण करून दिल्याशिवाय चमचा उचलत नसे. आज तिनं चकार शब्द काढला नाही. सरोजिनीबाईंना जे पाहायचं होतं ते दिसलं. दुसरी वाटी त्यांनी तशीच ठेवली.

महिन्यापूर्वी प्रबोधनं आईची आणि स्वतःची तपासणी एकदमच करून घेतली होती. रिपोर्ट आले त्या दिवसापासून घराची चाल बदलली. टीव्ही मोठ्यानं लावला तरी कुणी काही बोलेना. प्रबोध ऑफिस सोडून घरून काम करू लागला. नवराबायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत असत, आणि सरोजिनीबाई दारात आल्या की दोघं गॅसवरच्या दुधाकडे बघू लागत. रिपोर्टचं विचारलं की प्रबोधचं एकच उत्तर, तुझा चांगला आहे.

ही चाल त्यांच्या ओळखीची होती. नवऱ्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतःच त्याला सांगितलं होतं की पोटात साधा व्रण आहे. मग पथ्य बाजूला ठेवून हवी तेवढी जिलबी चारली होती. आजाऱ्याला सांगायचं नसतं, असं घरातल्या सगळ्यांचंच म्हणणं पडलं होतं. त्याला कळलं होतं की नाही, ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

त्यात आता हे कॅमेऱ्याचं निघालं. घरचं शूटिंग करून ते कॉम्प्युटरवर नीट कापून-जोडून ठेवायचं, असं प्रबोधनं मनावर घेतलं होतं. स्वतःच्या लग्नातसुद्धा फोटोसाठी धड उभा राहिला नव्हता तो. म्हातारीचं काहीतरी मागे राहावं म्हणून चाललंय हे, अशी सरोजिनीबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. दुपारी तिघं निघाली तशा त्याही चपला घालून लिफ्टपाशी उभ्या राहिल्या.

“माझंच शूटिंग करायचं, तर कॅमेरा मी पसंत करणार. आणि साडी नवी घ्या मला.”

गार्गी हसली. सवितानं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. ते आधीच लागलेलं होतं.

सेंगकांगच्या घरून निघून बसनं चौघं हौगांगला उतरली. मॉलमधल्या दुकानातला चिनी विक्रेता भलताच बोलका होता. तो इंग्रजीत सांगे आणि गार्गी आजीला मराठीत, मधूनच इथल्या बोलीतलं ‘लाह’ जोडून.

“हा टेपवाला, आजी. पिक्चर चांगलं. पण टेप एक तासाची, तर कॉम्प्युटरवर घालायला पण एक तास. सो स्लो, लाह.”

“मग तो नको,” प्रबोध म्हणाला. “तेवढा वेळ कुठाय?”

सरोजिनीबाईंनी काउंटरची कड धरली. इतकं जवळ आलं होतं तर.

विक्रेत्यानं कार्डवाले कॅमेरे काढले. घरचा लॅपटॉप किती जुना, हे त्यानं विचारून घेतलं. काहींच्या फायली इतक्या जड असतात की जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळतं, असं त्याचं म्हणणं. प्रबोधनं सवितालाच पुढे केलं. कार्ड कसं काढायचं, तुकडा कुठून कापायचा, हे त्यानं विक्रेत्याकडून तिला दोनदा दाखवून घेतलं.

“मला नाही जमणार. माझ्याकडून मिक्सरचं भांडं बसत नाही.”

“जमेल. नको असेल तिथं कापायचं, एवढंच.”

इंजिनिअर तो, आणि शिकतेय ही. सरोजिनीबाईंना राहवेना. त्यांनी मुलाला बाही धरून बाजूला घेतलं.

“माझ्या रिपोर्टात काय आलंय ते इथंच सांग. तुझ्या बाबांना मी असंच फसवलंय. मला शिकवू नकोस.”

“तुझा रिपोर्ट चांगला आहे, आई.”

“खाली बघून बोलू नकोस.”

प्रबोधनं वर पाहिलं. “चांगला आहे.”

मग त्यानं सगळ्यांत लहान कॅमेरा उचलून त्यांच्या हातात ठेवला.

“धरता येतो का बघ. हात हलता कामा नये.”

“मी कशाला धरू? मी तर समोर बसायचंय ना?”

“समोर मी बसतो. सविताच्या हातून नाही व्हायचं ते.”

तो स्टुलावर बसला. सरोजिनीबाईंनी छोट्या पडद्यावर त्याला शोधून काढलं. घरात तो दिवसभर डोळ्यांपुढे असे. इथं, तळहाताएवढ्या चौकटीत, त्याची कॉलर गळ्यापासून सुटी दिसत होती. हाताचं घड्याळ कोपराकडे घसरलं होतं.

“गार्गी, आवाज येतोय का?” प्रबोध म्हणाला.

“हो बाबा. मी इथंच आहे ना,” गार्गी त्याच्या शेजारून म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही. तो भिंगातच बघत होता.

“मी सावकाश बोलेन हं. म्हणजे पुढेही तुला मराठी कळेल.”

सविता पाठमोरी होऊन इस्त्र्यांच्या किमती वाचू लागली.

सरोजिनीबाईंचा हात हलला नाही. विक्रेत्यानं आणखी एक कॅमेरा पुढे केला, मोठा, काळाभोर. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

“हाच घे,” त्या मुलाला म्हणाल्या. “हलका आहे. मला धरवतो.”

परतताना बसमध्ये खोकं त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. रात्री जेवणाच्या वेळी श्रीखंडाची ती दुसरी वाटी त्यांनी फ्रिजमधून काढली आणि प्रबोधच्या ताटाशी ठेवली.

त्यांचा रिपोर्ट खरोखरच चांगला होता. प्रबोध २०१२ साली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेला.