चाकाखालची अर्धी वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. पण माझ्यापायी अख्ख्या गल्लीत पैज लागली होती.

पैज लावली शिंपीकाकांनी आणि पंक्चरवाल्याने. दोघांची दुकानं समोरासमोर, काम कमी आणि टोमणे जास्त. पंक्चरवाला म्हणाला, कंगवेवाल्या मावशीची हातगाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईल. काका म्हणाले, ती वीतभरही हलायची नाही. हलली तर मी टोपली घेऊन गल्लीभर कंगवे विकतो. सगळे खो खो हसले, कारण काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही.

मला मात्र हसू येईना. गाडी कशामुळे अडणार होती, ते फक्त मला माहीत होतं.

भट्टीतून निघाले तेव्हा मी अख्खी होते. हमालाच्या हातून पडले, दोन तुकडे झाले, भिंतीत बसायचं राहून गेलं. अकरा वर्षांपूर्वी मावशीने मला उचललं आणि कंगवे-आरशांच्या गाडीच्या चाकापुढे सरकवलं. रस्ता उताराचा. गाडीमागे भिंत, पुढे मी. "ही माझी पहारेकरीण," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मी फुगायचे. गेल्या साली रस्ता डांबरी झाला. कामगारांनी गाडी हलवायचा कंटाळा केला आणि माझ्याभोवतीच डांबर ओतलं. मी रुतले ती रुतलेच. कुणी वाकून बघितलं नाही.

मग मैदानावर तीन दिवसांचा मेळा ठरला. त्याआधी रस्ते मोकळे करायला पालिकेच्या मॅडम वही घेऊन आल्या. मावशीच्या परवान्यावर 'फिरती विक्री' असं लिहिलेलं. नियम असा, की फिरती गाडी खरंच फिरली पाहिजे. मावशीने एकटीने ती कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. बाराच्या आत जमलं नाही, तर तिला पक्कं बांधकाम धरून उचलायचं. उचलायला ट्रक मागेच उभा होता.

पावणेबाराला मावशीने मला ओढलं. तिचं नख तुटलं. दुसऱ्यांनी गाडीला हात लावायचा नव्हता, म्हणून पंक्चरवाल्याने फक्त मला पान्याने ठोकलं. माझा टवका उडाला, पण मी जागची हलले नाही. अकरा वर्षं जे काम मी इमानाने केलं, तेच आता मावशीच्या मुळावर आलं होतं. मावशी गाडीचा दांडा धरून उभी राहिली. रडली नाही, पण कंगव्यांकडे बघेना.

तेवढ्यात काका आले. हातात निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री. खाली बसून त्यांनी ती माझ्या कडेच्या डांबरावर ठेवली.

"काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"गाडीला हात लावत नाही मॅडम. रस्त्याला इस्त्री करतोय. फार चुरगळलाय."

मॅडमनी वहीची पानं चाळली. रस्त्याच्या इस्त्रीबद्दल काही सापडलं नाही.

"काका, पैज हराल," पंक्चरवाला पुटपुटला.

"गप बस. कोळसा आण."

डांबराला वास सुटला, मग ते मऊ पडलं. बाराला सहा मिनिटं असताना मावशीने मला पुन्हा ओढलं आणि मी चिकट, काळीकुट्ट होऊन बाहेर आले. गाडी उतारावर निघाली. जाणं सोपं होतं, येताना चढ. अर्ध्यात चाक करकरलं, मावशीचा पाय घसरला, गाडी हातभर मागे गेली. तिने दांड्याला खांदा लावला आणि गाडी रेटत भिंतीशी आणली. बाराला एक मिनिट होतं. मॅडमनी शिक्का मारला.

आता मी काकांच्या दुकानात असते. माझ्यावर ते गरम इस्त्री ठेवतात. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही उभे आहात, त्याच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा. नुसतं कौतुक करून ते रुतायचं थांबत नाही.

शिक्का बसल्याच्या दुसऱ्या दिवशी काका टोपली घेऊन गल्लीत निघाले. "कंगवे घ्या, कंगवे," असं ते ओरडत होते आणि ऊन त्यांच्या डोक्यावर लखलखत होतं. कोपऱ्यावर नेमक्या मॅडम भेटल्या.

"परवाना?"

"विकत नाहीये मॅडम, पैज फेडतोय."

मॅडमनी एकदा त्या डोक्याकडे बघितलं आणि टोपलीतला एक कंगवा उचलला.

"फेडा. पण चालत राहा. थांबलात, तर पक्कं बांधकाम."