दगड व्हायचं

नवशीचा लाल स्वेटर काढताना हेमालीचा हात जरा अडखळलाच. डहाणूचा पहाटवारा बोचरा, त्यात पोरीचं नाक कालपासून गळत होतं. पण सहल घेऊन आलेल्या सुनिल सरांनी शनिवारी संध्याकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, की पक्षी बघायला येताना भडक रंग नको, बडबड नको, आणि पक्षी जवळ आला की असेल तिथे दगड व्हायचं. म्हणून तिने स्वेटर पिशवीत कोंबला आणि पोरीच्या अंगात नवऱ्याच्या, जतीनच्या जुन्या खाकी शर्टाचं शिवलेलं जाकीट चढवलं.

नवशी पाच वर्षांची. आजीने महालक्ष्मीला नवस बोलून मागून घेतलेली, म्हणून नवशी. तलासरीच्या घरी अंगणातल्या हौदावर हेमालीने झाकण बसवून घेतलं होतं आणि झाकणावर पाटा ठेवला होता. सहलीला आलीस की पहाऱ्याला, असं जतीन कालपासून दोनदा म्हणून झाला होता.

किनाऱ्यावर मासे वाळवायच्या वलांड्यांच्या बांबूंवर बोंबील टांगत असलेल्या मैना कोळिणीने या मातकट घोळक्याकडे बघून तोंडाला पदर लावला. "पोरीलापण चिखलात बुचकळून आणली काय गं? हरवली तर शोधशील कशी?"

सगळे हसले. हेमालीही हसली.

ओहोटीने समुद्र पार लांब गेला होता. मधल्या सखल भागात घोट्याएवढं पाणी, त्यापलीकडे वाळूचा उंचवटा आणि पुढे नुसता चिखल. सुरूच्या झाडांखाली सरांनी मोठ्या दुर्बिणीची तीन पायांची तिकाटणी रोवली. सगळे आळीपाळीने डोळा लावत होते. हेमालीची पाळी आली तशी ती मागे सरली.

"अगं, एकदा तरी बघ," जतीन कुजबुजला. "नवशी आहे माझ्याजवळ."

तिने डोळा लावला. समोर भला मोठा कुरल पक्षी, खाली वाकलेली लांबलचक चोच. तो चिखलात चोच पार मुळापर्यंत खुपसायचा आणि खेकडा अलगद उपसून काढायचा. इतकं जवळ, इतकं स्वच्छ तिने कधी काही पाहिलंच नव्हतं. कुरलामागून गुलाबी रोहित पक्ष्यांची रांग आली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती एवढा वेळ स्वतःला विसरली.

मान वर केली तेव्हा जतीन आपल्या गळ्यातल्या दुर्बिणीतून आभाळात बघत होता. एकटाच.

"नवशी कुठाय?"

"तुझ्यामागे आली ना?"

आणि नवल म्हणजे, पहिल्या हाका त्यांनी कुजबुजतच मारल्या. कालपासूनची सवय. झाडांमागे, वलांड्यांखाली, होडीच्या आडोशाला. मग हेमालीचा आवाज एकदम फुटला, पार मैनापर्यंत गेला. उत्तर आलं नाही. समोर सगळा मातीचाच रंग, मातीच्या रंगाचे पक्षी, मातीच्या रंगाचे खडक. आणि मधल्या सखल भागातलं पाणी आता घोट्याएवढं राहिलं नव्हतं. भरती लागली होती. ती समोरून नाही, बाजूच्या खाडीच्या तोंडातून गुपचूप आत शिरत होती.

जतीन वाळूवरून डावीकडे धावला. ती मात्र तिकाटणीकडे वळली. घाईत धक्का लागून दुर्बिणीत चिखल नुसता हिंदकळत होता. तिने श्वास रोखून धरला. पलीकडचा उंचवटा दिसला. तोच कुरल. त्याच्या बाजूला एक तपकिरी दगड. कुरल चोच खुपसत त्या दगडाच्या अगदी लगत आला.

दगडाने हळूच हात वर नेला आणि नाक पुसलं.

पुढचं हेमालीला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. पायात चप्पल नव्हती. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला लागलं. ती घसा फाडून ओरडत होती आणि सगळा किनारा एकदम उठला, कुरल, चिखल्या, रोहित, सगळे पक्षी. पंखांच्या आवाजात तिला स्वतःची हाक ऐकू येईना. पोरीच्या पावलांशी पाणी आलं होतं. तिने तिला उचलून खांद्यावर घेतलं, तसा मागून जतीन कमरेभर पाण्यातून येऊन पोहोचला आणि त्याने दोघींना धरून काठावर आणलं.

नवशीचे डोळे रागाने भरले होते. "सगळे उडवलेस तू. मला ऐकू येत होतं, पण मी हललेच नाही. एवढा जवळ आला होता तो."

सुनिल सरांनी नुसती मान खाली घातली. मैना बोंबील टाकून धावत आली होती. तिने आपला कोरडा पदर पोरीच्या पायांना गुंडाळला.

हेमालीने पिशवीतून लाल स्वेटर काढला आणि ओल्या जाकिटावरूनच नवशीच्या डोक्यातून खाली ओढला.

"सर रागावतील," नवशी पुटपुटली.

"रागावू देत. आणि मी हाक मारली ना, की दगड असलीस तरी ओ द्यायची."

पोरीने जरा विचार केला आणि मान डोलावली. हेमालीने वळून पाहिलं. उंचवटा होता तिथे आता नुसतं पाणी होतं, सपाट, उन्हात चकाकणारं. स्वेटरच्या बाहीवर आवळलेली आपली मूठ तिला काही केल्या उघडता येईना.